दसऱ्याचा घोट

तामसी,
८ नोव्हेंबर १९९३

चि. भागीरथेस वच्छलाकाकूचे आशीर्वाद.

तुझा पत्ता तुझ्या बाबांकडून, म्हंजे देवाजी गुरुजींकडून घेतला. पत्र पाहून नवल करशील. तू वस्तीतून शिकाले गेली तवापासून आपलं बोलनं नाई, हे मले ठाव आहे.

काम असं आहे. आपल्या डिझेलच्या दुकानाले नोटीस आली. जमिनीतल्या जुन्या टाकीची तपासनी करून दाखला आना, एकतीस मार्चपर्यंत मोहलत, नाई तर सील. आदिलाबादच्या दफ्तरात दोन खेपा केल्या. तिथला सारू, म्हंजे सायब, तेलुगूत विचारते, "अम्मा, कागितम उंदा?" मी म्हटलं, कागद असता तर तुमच्या दारात काऊन आली असती? तो हसला अन् जेवाले गेला.

तुझे काका जाऊन दोन वर्सं झाली. तवापासून दुकान मीच पाहून राह्यली. मारोती हातपंप फिरवते, मी वही लिवते. सातवीपर्यंत शिकली त्याचा एवढाच उपयोग. दहा गावचे ट्रॅक्टर अन् इंजिनं आपल्या डिझेलवर चालतात.

गुरुजी म्हनले, तू हैदराबादले याच कामात आहेस, छोट्या दुकानदारांले टाकीचे नियम समजावून देतेस. मंग आपल्याच गावचं काम कर ना बाई. टाकी चांगली आहे. काकांनी जपली तिले, लेकरावानी.

तुझी
वच्छलाकाकू

•

हैदराबाद,
१५ नोव्हेंबर १९९३

ती. वच्छलाकाकू यांना नमस्कार.

पत्र मिळालं. आमच्या कक्षाचं काम तेच आहे. तुमचं नाव मी यादीत घातलं आहे. त्यासाठी ओळख लागत नाही, अर्ज लागतो. सोबतचा अर्ज भरून पाठवा.

दाखल्यासाठी एकच गोष्ट सिद्ध करायची असते: टाकी गळत नाही. आमच्या नोंदीप्रमाणे तुमची टाकी नऊ हजार लिटरची, लोखंडी, १९७१ साली पुरलेली. वय बावीस. लोखंडाला हे वय लहान नाही.

तुम्ही रोज सकाळी काठी बुडवून टाकीतली पातळी मोजता. ती मापं आणि रोजची विक्री असलेल्या गेल्या दहा वर्षांच्या वह्या मला हव्या आहेत. नक्कल नको, मूळ वह्या. खाडाखोड असेल तर तशीच राहू द्या.

मोजण्याआधी काठी फडक्यानं कोरडी करावी. झाकणाभोवती माती भिजलेली दिसते का, ते मारोतींना पाहायला सांगा.

भागीरथा

•

तामसी,
२ डिसेंबर १९९३

चि. भागीरथा,

वह्या मारोती आदिलाबादले घेऊन गेला अन् पार्सल करून आला. लाल कपड्यात बांधल्या आहेत, कपडा परत पाठव.

झाकनाजवळची माती कोरडी ठक्क आहे. मारोती म्हनते, "कुत्रं बी तिथं बसते, गळत असती तर बसलं असतं का?" मी त्याले म्हटलं, हे तिले लिवते, तुझं बी नाव होऊ दे सरकारात.

तुझं पत्र लय कोरडं असते. गुरुजींले वाचून दाखवलं तर ते म्हनाले, "पत्र कोरडं नाही, नेमकं आहे." बापच तो, दुसरं काय म्हनन.

गुरुजींची तब्येत बरी आहे. खोकला आहे थोडा. येत-जात दुकानासमोरून नमस्कार करतात, थांबत नाईत.

काकू

•

हैदराबाद,
१० डिसेंबर १९९३

ती. काकू यांना नमस्कार.

वह्या पाहिल्या. लाल कपडा याच टपालानं परत करते आहे.

अक्षर स्वच्छ आहे, हिशोब फार स्वच्छ आहे. १९८६ पासून रोज अर्धा टक्का डिझेल "उन्हाने उडाले" असं लिहिलं आहे, आणि १९९० पासून एक टक्का. पेट्रोल उडतं. डिझेल जमिनीखालच्या थंड टाकीतून असं उडत नाही. पावसाळ्यातही तितकंच उडालेलं दिसतं.

पण एवढ्यावरून गळती सिद्ध होत नाही. हातपंपाचं माप चुकत असेल, काठी वाचणारा चुकत असेल. विक्री चालू असताना दोन्ही चुका एकमेकींत मिसळतात. मला असा काळ हवा आहे की ज्यात टाकीतून थेंबही काढला नाही, थेंबही ओतला नाही, आणि आधी व नंतर माप घेतलं आहे. वहीत दर वर्षी आश्विनात दोन दिवस "दुकान बंद" आहे. त्या दिवसांची मापं नाहीत. ती कुठे लिहिलेली आहेत का?

भागीरथा

•

तामसी,
२० डिसेंबर १९९३

चि. भागीरथा,

तू लय बारीक पाहतेस. तो आमचा दसरा आहे.

खंडेनवमीले दिवस कलता पंप बंद करतो. काका काठीनं माप घेत, मंग टाकीच्या झाकनाले हळद-कुंकू, नारळ. काठी धुऊन देवघरात ठेवायची. दसऱ्याचा अख्खा दिवस टाकीले कोनी हात लावत नाई, ट्रॅक्टरवाला पाया पडला तरी. तिसऱ्या दिवशी सकाळी सातले पुन्हा माप, अन् मंगच विक्री. हे दोन आकडे वहीत लिवायचे नाईत, देवाचे ते. दुकानाच्या आतल्या भिंतीवर गेरूनं लिवायचे. दिवाळीत चुना मारतो पन तेवढी जागा सोडून.

बरेच सालं टाकी दसऱ्याले थोडं पिते. काका हसून म्हनत, "वच्छले, वर्सभर आपल्याले खाऊ घालते, एक दिवस तिचा घोट." मी बी मानते. जे साल ती पेत नाई ते साल धंदा मंदा जाईल असं वाटे आमाले.

भिंतीवरून उतरवून देते. मिलिमीटर आहेत. पह्यला आकडा नवमीचा, दुसरा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

८४ साली ८१२, ८१२. ८५ ले ८२०, ८२०. ८६ ले ७९०, ७८९. ८७ ले ८०१, ८००. ८८ ले ८०५, ८०४. ८९ ले ७९३, ७९२. ९० ले ७७१, ७६९. ९१ ले ७८८, ७८६. तवा काका खाटेवर होते, मारोतीनं मोजलं. ९२ ले ७९८, ७९६. यंदा ७८४, ७८२.

एवढ्याशा घोटानं काय होते?

काकू

•

हैदराबाद,
२८ डिसेंबर १९९३

ती. काकू यांना नमस्कार.

एवढ्याशा घोटानं काय होतं, ते लिहिते.

तुमच्या टाकीत अर्ध्याच्या आसपास पातळी असताना एक मिलिमीटर म्हणजे सात लिटरांहून थोडं जास्त. नवमीच्या संध्याकाळी पाचपासून तिसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत अडतीस तास होतात. दोन मिलिमीटर म्हणजे दिवसाला नऊ लिटर. एखाद्या वर्षी मिलिमीटरभर फरक नजरेचा म्हणता आला असता, गारव्यानं आकसल्याचाही म्हणता आला असता. सलग आठ वर्षं नजर एकाच बाजूला चुकत नाही. १९८६ पासून मिळून वीस हजार लिटरांच्या आसपास डिझेल जमिनीत गेलं आहे. पूर्ण भरलेल्या दोन टाक्यांहून जास्त.

वरची माती कोरडी आहे, कारण भोक तळाशी असणार. उतार दुकानाकडून वस्तीकडे आहे. खालची विहीर तुमच्या टाकीपासून एकशे चाळीस पावलांवर आहे. मी मोजली आहेत. अठरा घरांना दुसरं पाणी नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आता एक गोष्ट, जी मी आधी लिहिली नव्हती. गेल्या मे महिन्यात घरी आले होते तेव्हा त्या विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणली होती. इथे तपासली. पाण्यात डिझेल आहे.

तुमच्या दसऱ्याच्या दिवशीच आमच्या वस्तीत धम्मदीक्षेचा दिवस असतो आणि सगळ्यांची खीर त्या विहिरीच्या पाण्यात शिजते. १९८८ साली खिरीला वास आला. आईच्या हाताला घासलेट लागलं होतं असं ठरलं. तिनं तीनदा हात धुऊन दाखवले होते. पुढे तिनं खीर करणं सोडलं आणि मग ती गेली. म्हणून मला तारखा पाठ आहेत.

टाकीतली विक्री थांबवा. पुढे काय करायचं ते तुमचं पत्र आल्यावर लिहिते.

भागीरथा

•

तामसी,
१४ जानेवारी १९९४

कुमारी भागीरथा देवाजी यांस,

तुमचं पत्र पोचलं. आज संक्रांत, पन तोंडातून गोड निघत नाई.

मे महिन्यात बाटली भरली अन् नोव्हेंबरात माझ्याकडून वह्या मागवल्या. मदत करून राह्यलात का पंचनामा? मी घरचं समजून देवाचे आकडे उतरवून दिले. त्या भिंतीले बाहेरच्या मानसानं आजवर पाह्यलं नाई.

लिवायचंच तर मी बी लिवते, कारन आता लपवून काय फायदा. ८८ ले गुरुजी आले होते. पायरीच्या खाली उभे होते. म्हनाले, "लक्ष्मणराव, विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसतो, एकदा टाकी पाहून घ्या." काकांनी म्हटलं, "गुरुजी, तुमच्याच लोकांच्या बादल्या पाहा, घासलेटच्या डब्यानं पानी काढतात." गुरुजी बरं म्हनून गेले. मी आत होती. मी भिंतीकडे पाह्यलं. तवा तिथं तीन घोट लिवलेले होते.

मले तवाच समजलं असं म्हनत नाई. पन मी भिंतीकडे पाह्यलं, एवढं खरं.

विक्री सोमवारपासून बंद केली. आता तुमी सांगा काय करायचं ते. नियमानं सांगा.

वच्छलाबाई लक्ष्मणराव

•

हैदराबाद,
२२ जानेवारी १९९४

श्रीमती वच्छलाबाई यांना नमस्कार.

बाटलीबद्दल आधी सांगितलं असतं तर भिंतीवरचे आकडे मिळाले नसते. यापेक्षा जास्त मला त्यावर लिहायचं नाही.

करायचं ते असं. उरलेलं डिझेल पिंपांत काढा. टाकी खणून वर घ्या. आधी तिच्यात पाणी भरून आतली वाफ घालवा, जवळ बिडी नको. खालची वासाची माती वरच्या बाजूला, ताडपत्रीवर काढा. खालच्या अंगाला किंवा ओढ्यात ती टाकू नका. नवी टाकी सिमेंटच्या हौदात बसवा, म्हणजे गळली तरी हौदात दिसेल. हौदाचा नकाशा सोबत आहे, मापं मीच काढली आहेत. मोहलत वाढवून मिळायचा अर्जही लिहून जोडला आहे, फक्त सही करा.

विहिरीचं पाणी पिणं बंद करायला मी बाबांना लिहिलं आहे. दुसरं पाणी कुठून, ते त्यांनी उलट टपाली विचारलं आहे.

भागीरथा

•

तामसी,
२० मार्च १९९४

चि. भागीरथेस आशीर्वाद.

रागाचं पत्र मी लिवलं होतं, ते जाळून टाक.

टाकी निघाली. अकरा मानसं लागली. तळाले भोक होतं, ज्वारीच्या दान्याएवढं. जिथं काठीचं टोक रोज टेकते, बरोबर तिथंच. बावीस वर्सं आमी एकाच जागी ठोकून ठोकून मोजलं. मारोती खड्ड्याच्या काठावर बसून रडला. म्हने, "मीच पाडलं भोक." मी म्हटलं, मोजायचं नव्हतं तर काय करायचं होतं?

माती तुझ्या सांगन्यापरमानं वर काढली. नवी टाकी, सिमेंटचा हौद, सारं नकाशावर. तो सारू येऊन मुआयना करून गेला. दाखला परवा मिळाला! एकतीस तारखेच्या आधी. पूर्ण तालुक्यात पह्यला आपला. काच लावून टांगला.

अन् आता खरी गोष्ट. जुन्या टाकीचं लोखंड अजून दणकट आहे. भंगारवाला मागून राह्यला होता, मी नाई देल्ली. भोक झाळून घेतलं, तीन खेपा सोड्यानं अन् चिंचेनं धुतली, पांढरा रंग देल्ला. वस्तीत दगडाच्या ओट्यावर चढवली अन् नळ लावला. सरपंच सुधाकररावांनी पंचायतीचा टँकर दोन दिवसांतून एकदा ठरवून देल्ला. टाकीवर नाव घातलं, "कै. लक्ष्मणराव यांच्या स्मरणार्थ". गुरुजींच्या हातानं नळ सुरू केला. त्यांनी पह्यली घागर चंपाबाईले देल्ली, ती म्हातारी झाली ना आता.

विहिरीचं पाप थोडं तरी फिटलं, असं वाटते.

तुझी काकू

•

हैदराबाद,
२७ मार्च १९९४

ती. काकू यांना नमस्कार.

ती टाकी आजच रिकामी करा.

लोखंडाला आतून गंजाचा थर असतो. बावीस वर्षं त्यात डिझेल मुरलं आहे. सोड्यानं पृष्ठभाग धुतला जातो, थर नाही. पाणी दोन दिवस साठून राहिलं की ते पुन्हा बाहेर येतं. तुम्ही विहिरीतलं पाणी बंद केलंत आणि तेच ओट्यावर ठेवलंत.

जुनी टाकी खणून काढायला मी सांगितलं. पुढे तिचं काय करायचं हे मी लिहिलं नाही. टाकीला भोकं पाडून ती भंगारात द्यावी, हे वाक्य आमच्या माहितीपत्रकात आहे. मला वाटलं, ते लिहायची गरज नाही. ही चूक माझी आहे.

भागीरथा

•

तामसी,
१६ ऑक्टोबर १९९४

चि. भागीरथेस आशीर्वाद.

सात महिने पत्र नाई लिवलं. तुझं मार्चातलं अन् त्यानंतरचं, दोन्ही पत्रं पोचली.

तू रिकामी कर म्हटलं. मी नळ सोडला होता त्याच दिवशी. चंपाबाई धावत आली, "बाई, पानी काऊन सांडून राह्यली?" मी म्हटलं, यात डिझेल आहे. ती म्हने, "मंग कुठं ठेवू, लुगड्यात?" टँकरवाला घागरी भरत बसत नाई, पाच मिन्टं थांबून जाते. मी नळ बंद केला.

वस्तीले आपल्या गावातल्या वरच्या विहिरीचं पानी भरू द्यावं, हा सवाल मी पंचायतीत काढला. सुधाकरराव म्हनाले, "वच्छलाबाई, पानी कमी आहे." पावसाळ्यात म्हनाले. गुरुजींले इचारलं तर म्हने, "मी तिथं मागायला जाणार नाही, आणि तुम्ही माझ्यासाठी मागू नका." जूनमंदी बोर पाडली वस्तीत, साठ फुटावर पानी लागलं. पह्यल्या बादलीवर तवंगाचं इंद्रधनुष्य होतं. लेकरं पाहाले जमली.

परवा दसरा झाला. मी नवमीले माप घेतलं, ७९५. तिसऱ्या दिवशी ७९५. टाकीनं यंदा काई घेतलं नाई. तुझ्या भिंतीवर ते गेरूनं लिवलं. हो, आता मी तिले तुझीच भिंत म्हनते.

अन् दसऱ्याच्या दिवशी वस्तीत गेली. त्या दिवशी आजवर कधीच गेली नव्हती. खीर झाली होती. सारे जेवले. मले गुरुजींनी ओट्यावर बसवलं अन् स्वतः वाढलं. मी पह्यला घास घेतला. गुरुजी माझ्याकडे पाहून राह्यले होते. हळूच म्हनाले, "वच्छलाबाई, चव आमच्या ओळखीची आहे. तुम्ही सांभाळून खा."

मी वाटी पुरी केली.

नेमकं सांग भागीरथा, हे किती वर्सं राहीन? अन् मी त्या टाकीचं काय करू?

काकू

•

हैदराबाद,
२४ ऑक्टोबर १९९४

ती. काकू यांना नमस्कार.

दसऱ्याचे दोन्ही आकडे अहवालाला जोडले. घट शून्य. तामसीची फाइल बंद झाली. इतर दुकानदारांना नमुना म्हणून तीच दाखवायची, असं साहेबांनी ठरवलं आहे.

अहवालात चौदा रकाने आहेत. विहिरीचा रकाना नाही. शेऱ्यात मी एक ओळ लिहिली होती, टंकलेखनात ती आली नाही. मी पुन्हा लिहून दिली. पुन्हा आली नाही.

किती वर्षं, ते मला माहीत नाही. रेताड जमीन असती तर अंदाज केला असता. तुमच्याकडे मुरूम आणि खाली फुटका काळा खडक आहे. डिझेल फटीत बसतं आणि दर पावसाळ्यात थोडं सुटतं. वीस वर्षं म्हणणारे लोक आहेत. बाबा सदुसष्टाचे आहेत.

टाकी रिकामी करा, हे मी मार्चमध्ये लिहिलं ते बरोबर होतं. टँकर पाच मिनिटं थांबतो, अठरा घरं आहेत आणि दुसरं भांडं नाही, हेही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असतील तेव्हा काय करायचं, ते आम्हाला शिकवलेलं नाही.

पाणी त्यातच ठेवा. झाकण दिवसा उघडं ठेवून वर जाळी बांधा, वास थोडा उतरतो. उकळून काही होत नाही, सरपण वाया घालवू नका. एक मात्र करा. टाकी कधी तळापर्यंत रिकामी होऊ देऊ नका. तवंग वर तरंगतो आणि शेवटच्या पाण्याबरोबर नळातून येतो. रांगेत जो शेवटी असेल त्याच्या घागरीत.

बाबा रांगेत शेवटी उभे राहतात. शाळेतही सगळी मुलं पाणी प्यायल्याशिवाय ते पीत नसत. त्यांना तुम्ही सांगून पाहा. मी तीन पत्रांत लिहिलं. ते खुशाली कळवतात.

तुमची
भागीरथा